कमी अल्कोहोलची पेल एल कशी चाखावी: मुंबईकरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

मुंबईत बिअर प्यायली जाते ती एक तर घशाला कोरड पडली म्हणून, नाही तर चढावी म्हणून. दोन्हीत चवीकडे कुणाचं लक्ष नसतं. त्यामुळे टॅपरूमच्या (नळातून ताजी बिअर देणाऱ्या बारच्या) फळ्यावर एखाद्या पेल एलपुढे ३.४ टक्के लिहिलेलं दिसलं की टेबलावरचा एक तरी जण म्हणतोच, "पाणीच आहे रे, दुसरं काहीतरी सांग."

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. बनवणाऱ्याचा हात पाहायचा तर त्याच्याकडची सगळ्यात हलकी बिअर मागवावी. सहा टक्क्यांच्या बिअरमध्ये अल्कोहोल स्वतःची थोडी गोडी आणतं, ऊब आणतं, तोंड भरल्यासारखं वाटायला लावतं आणि बारीकसारीक दोषांवर पांघरूण घालतं. तीन-साडेतीन टक्क्यांवर ते पांघरूण तोकडं पडतं. जे काही बरंवाईट असेल ते उघड्यावर येतं. म्हणून ही बिअर जरा पद्धतशीर चाखावी लागते. ती पद्धत इथे देतो आहे. घरी करा किंवा टॅपरूममध्ये.

आधी पेल्यात काय आहे ते

पेल एल म्हणजे फिकट माल्टची (मोड आणून वाळवलेल्या जवाची), एल यीस्टने साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअसला आंबवलेली आणि हॉप्सचा (कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या एका वेलीच्या फुलांचा) वास पुढे ठेवणारी बिअर. आपल्या वाइन शॉपमधल्या नेहमीच्या बाटल्या बहुतेक लागर असतात. लागरचं यीस्ट थंडीत, ८ ते १३ अंशांना, सावकाश काम करतं आणि मागे फारसा वास ठेवत नाही. एलचं यीस्ट मात्र फळांसारखे वास सोडतं, त्यावर हॉप्सचे वास चढतात, आणि चाखण्यासारखं बरंच काही तयार होतं.

मुंबईचा या बिअरशी संबंध जुना आहे. लंडनच्या बो ब्रुअरीतली हॉजसनची पेल एल अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याच्या बंदरांत उतरत होती. प्रवासात टिकावी म्हणून ती फार कडक बनवायचे, ही गोष्ट बार काउंटरवर अजून ऐकू येते. हॉप्स भरपूर घालत हे खरं. पण त्या काळच्या इंग्लिश बिअरच्या मानाने ती अल्कोहोलला काही विशेष जोरकस नव्हती. आजच्या क्राफ्ट पेल एलचा साचा मात्र अमेरिकन आहे. सिएरा नेवाडा या कॅलिफोर्नियातल्या ब्रुअरीने १९८० मध्ये कॅस्केड जातीच्या हॉप्सची पेल एल काढली आणि पपनसाच्या सालीसारखा तो वास जगभर ओळखीचा झाला.

आता 'कमी' म्हणजे किती? आपल्याकडे ५ टक्क्यांपर्यंतची बिअर माइल्ड आणि त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग. या लेखापुरती कमी म्हणजे साधारण २.५ ते ३.८ टक्के, जिला टॅपरूमवाले 'सेशन' म्हणतात. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२३ पासून ३.५ टक्क्यांखालच्या पेयांना कराचा दर कमी लागतो, त्यामुळे तिकडे नेमक्या ३.४ टक्क्यांच्या पेल एल बऱ्याच निघाल्या. ०.५ टक्क्यांच्या, जवळजवळ बिनअल्कोहोलच्या बिअरचं गणित वेगळं. त्यांच्याबद्दल वाटेत दोन शब्द येतीलच.

हिशेब एकदा करून ठेवा. ३३० मिलीच्या ३.५ टक्के बिअरमध्ये साधारण ९ ग्रॅम अल्कोहोल असतं. ६५० मिलीच्या ८ टक्के स्ट्राँग बाटलीत ४१ ग्रॅम. म्हणजे ती एक बाटली या साडेचार पेल्यांच्या बरोबरीची. पण हलकी म्हणजे शून्य नव्हे. गाडी चालवताना रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, आणि अंगकाठीप्रमाणे दोन-तीन पेल्यांत ती गाठली जाऊ शकते. लोकल आहे, रिक्षा आहे. चाखायच्या दिवशी किल्ली घरी ठेवा. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे आणि परमिटही लागतं, हे जाता जाता.

ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारा, अल्कोहोल कमी कसं करतो, हे माहीत असलं तर जिभेला नेमकं काय शोधायचं ते कळतं. सगळ्यात साधा मार्ग म्हणजे माल्टच कमी वापरायचं. साखर कमी, म्हणून अल्कोहोल कमी. यात बिअर पातळ पडण्याचा धोका असतो. दुसरा मार्ग तापमानाचा. माल्ट गरम पाण्यात भिजवताना ६२ ते ६५ अंशांना यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त सुटते. ७० च्या वर गेलं की न आंबणारे घटक जास्त उरतात, म्हणून अल्कोहोल कमी आणि तोंडात भरीवपणा जास्त. सोबत ओट्स किंवा गहू घातला तर बिअर आणखी गुळगुळीत लागते. तिसरा मार्ग म्हणजे माल्टोज ही मुख्य साखर न खाणारं यीस्ट वापरायचं. आणि पूर्ण बनलेल्या बिअरमधून निर्वात ऊर्ध्वपातनाने (कमी दाबाखाली वाफ करून) किंवा गाळणीच्या पडद्यांतून अल्कोहोल काढून घ्यायचं, हा मोठ्या कारखान्यांचा मार्ग. ०.५ टक्क्यांच्या बिअर बहुतेक या शेवटच्या दोन मार्गांनी येतात.

विकत घेताना

टॅपरूमचा पर्याय सोपा आहे. पुण्यात २००९ मध्ये डूलाली या छोट्या ब्रुअरीने सुरुवात केली, मुंबईत २०१३ मध्ये लोअर परळला पहिली ब्रूपब (स्वतःची बिअर बनवणारा बार) आली, आणि आता अंधेरी, खार, लोअर परळ या पट्ट्यात ताजी बिअर मिळणं ही नवलाई राहिलेली नाही. तिथे विचारायचं एवढंच: हा बॅच कधी लागला? ज्याला आपल्या बिअरचं कौतुक आहे तो बारटेंडर तारीख सांगतो. आणि आधी छोटा सॅम्पल मागा. संकोच करायचं कारण नाही, बहुतेक ठिकाणी देतात.

कॅन किंवा बाटली घेत असाल तर पहिलं काम तारीख बघण्याचं. कॅनच्या तळाशी किंवा लेबलवर ती असते. हॉप्सचा वास नाजूक असतो. तीन महिन्यांच्या आतली मिळाली तर उत्तम, सहा महिने उलटलेली पेल एल मी तरी चाखण्यासाठी घेत नाही. ब्रुअरी धंद्यात एक ठोकताळा सांगतात: ३२ अंशांना तीन दिवस, २२ अंशांना तीस दिवस आणि ३ अंशांना तीनशे दिवस, बिअरचं वय सारखंच वाढतं. मे महिन्यात भिवंडीच्या गोदामात पडलेल्या खोक्याचं काय होत असेल ते यावरून समजा. म्हणून दुकानदाराने मागच्या शेल्फवरून उन्हातली गरम बाटली काढून दिली तर नको म्हणा, फ्रिजमधलीच घ्या. त्यातही ट्यूबलाइटसमोर उभी असलेली हिरवी किंवा पारदर्शक बाटली टाळा. प्रकाशाने हॉप्सचा कडू घटक तुटतो आणि कुजकट, उग्र वास तयार होतो. उन्हात तर काही मिनिटं पुरतात. तपकिरी काच बऱ्यापैकी अडवते, कॅन पूर्ण अडवतो.

आदल्या दिवशी नाकाची तयारी

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग पेला हातात घेऊन "फ्रुटी आहे" एवढंच म्हणतात. नाकाला वास येतो, पण नाव आठवत नाही, ही खरी अडचण. बिअरच्या पुस्तकांत दिलेली पॅशनफ्रूट आणि गूजबेरी आपण किती वेळा हुंगलेली असतात? त्यापेक्षा दादरच्या बाजारात एक फेरी मारा आणि आपल्या ओळखीच्या वासांचं ताट लावा.

पपनस किंवा मोसंबीची साल नखाने चिमटा आणि लगेच हुंगा. उडालेल्या तेलाचा तो तिखट, किंचित कडवट वास म्हणजे कॅस्केड, सेंटेनियल या हॉप्सचा पत्ता. लिंबाच्या झाडाचं पान चुरगळा, गवती चहाची एक पात चुरा: हिरवटपणा आणि लिंबूपणा एकत्र कसे येतात ते कळेल. पिकलेल्या पेरूची आणि तोतापुरीच्या देठाजवळची फोड शेजारी शेजारी ठेवा. सिट्रा आणि मोझॅक या हॉप्सच्या बिअरमध्ये आंबा, पेरू, लिची यांच्या जवळचे वास येतात, पण पेरूचा वास घशाकडे जड जातो आणि आंब्याचा देठाकडे चिकाची झाक ठेवतो. हा फरक एकदा पकडला की पुढे सुटत नाही. न्यूझीलंडच्या नेल्सन सोव्हिनसाठी नाशिकची हिरवी द्राक्षं चालतील. देवदाराच्या किंवा राळेच्या वासासाठी धूपाचा खडा न पेटवता हुंगा. सिमको हॉप्समध्ये ते अंग असतं.

माल्टची बाजू विसरू नका. वाण्याकडून मूठभर जव आणा, कोरड्या तव्यावर मंद भाजा आणि रंग बदलेल तसतसा वास घ्या. आधी कच्चं धान्य, मग ब्रेडच्या आतल्या मऊ भागासारखा, मग मारी बिस्किट, मग इराण्याकडच्या ब्रुन पावाची कड. पेल एल बिस्किटाच्या अलीकडे-पलीकडे राहते. तव्यावर जव करपायला लागला की थांबा. तो वास स्टाउट या काळ्या बिअरचा, आपल्याला आज नको.

हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे. घरच्यांना गंमत वाटेल. त्यांनाही डोळे मिटून ओळखायला लावा. कोथिंबीर आणि पुदिना डोळे मिटून ओळखणं किती अवघड जातं ते पाहण्यासारखं असतं.

पेला आणि थंडावा

बिअर पिण्याचा खास ग्लास नसला तर वाइनचा ग्लास घ्या, तोंडाशी थोडा निमुळता. स्टीलचा पेला नको. रंग दिसत नाही आणि वासही नीट साठत नाही.

स्वच्छतेचं मात्र मनावर घ्या. स्वयंपाकघरातल्या ग्लासला तेलाचा सूक्ष्म थर आणि साबणाचा अंश राहतोच, आणि दोन्ही फेसाचे शत्रू आहेत. खाण्याच्या सोड्याने घासा, गरम पाण्याने विसळा, उपडा ठेवून वाळू द्या. फडक्याने पुसू नका, पावसाळ्यात तर अजिबात नको, न वाळलेल्या फडक्याचा कुबट वास थेट ग्लासात उतरतो. तपासायची युक्ती सोपी आहे: ग्लास आतून ओला करा. पाण्याचा सलग पडदा राहिला तर स्वच्छ, थेंब थेंब झाले तर तेलकट. बिअर ओतल्यावर आतल्या काचेला बुडबुडे चिकटून बसले तरी तोच निकाल.

तापमान ६ ते ९ अंश. घरचा फ्रिज ३-४ अंशांवर असतो, म्हणून बाटली दहा मिनिटं आधी बाहेर काढा. मे महिन्यात पाचच मिनिटं पुरतात. 'चिल्ड' ग्लासचा आग्रह करणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा. फ्रीजरमधल्या ग्लासात बर्फाचा थर असतो, तो बिअर पातळ करतो आणि जीभ बधिर करतो. आधीच हलक्या असलेल्या बिअरला हे परवडत नाही.

ओतणं आणि पाहणं

ग्लास तिरका धरून अर्ध्यापर्यंत ओता, मग सरळ करून मधोमध ओता. दोन बोटं फेस यायला हवा. फेस नको म्हणून कडेकडेने ओतणारे बरेच असतात, पण वास वर आणायचं काम फेसच करतो.

रंग गवती पिवळ्यापासून फिकट तांबूसपर्यंत काहीही चालेल. गढूळपणा हा दोष नाही. गहू, ओट्स आणि ड्राय हॉपिंगमुळे (शेवटी थंड बिअरमध्ये हॉप्स घालण्यामुळे) आजच्या बऱ्याच पेल एल मुद्दाम धूसर असतात. बिअरमध्ये तरंगणारे पांढरट तुकडे मात्र शंकास्पद. हलक्या बिअरमध्ये फेसाकडे जरा जास्त वेळ बघा. मिनिटाभरात साबणाच्या फेसासारखा विरून गेला तर एक तर ग्लास घाण आहे किंवा बिअरमध्ये फेस धरायला माल्टची प्रथिनंच कमी पडली. टिकून राहिला आणि घोटागणिक काचेवर जाळीदार रेघ सोडत गेला, तर ब्रुअरने मेहनत घेतली आहे.

वास: इथे घाई नको

पहिला वास ओतल्याबरोबर, पेला नाकापासून चार बोटं दूर धरून. जे सर्वात हलकं आणि उडून जाणारं असतं ते याच वेळी भेटतं. मग नाक आत नेऊन दोन-तीन छोटे, भरभर श्वास. लांब दीर्घ श्वासाचा उपयोग नाही, नाक लगेच थकतं. त्यानंतर तळहात पेल्यावर झाकून, पेला हलकेच गोल फिरवून, हात काढून पुन्हा. वास येईनासा झाला तर स्वतःच्या कोपराच्या आतली त्वचा हुंगा आणि परत या. चाखण्याच्या दिवशी अत्तर नको, हातावर सॅनिटायझर तर नकोच.

कमी अल्कोहोलच्या बिअरचा एक स्वभाव इथे दिसतो. अल्कोहोल अनेक सुगंधी घटक द्रवात धरून ठेवतं. ते कमी असलं की काही वास लवकर आणि जोरात वर येतात आणि तसेच लवकर उडून जातात. म्हणून पहिल्या दोन मिनिटांत पेला दरवळतो आणि पाव ग्लास संपेपर्यंत सपाट होतो, असं पुष्कळदा घडतं. पहिल्या वासावर खूश होऊन निकाल देऊ नका. पाच मिनिटांनी पुन्हा हुंगा. चांगल्या बिअरमध्ये सालीचा तीक्ष्णपणा गेल्यावर खाली माल्टचं बिस्किट किंवा फळाचा गर सापडतो. साध्या बिअरमध्ये खाली काहीच नसतं.

०.५ टक्क्यांच्या बिअरमध्ये आणखी एक वास शोधा: न आंबलेल्या वर्टचा, म्हणजे उकळलेल्या माल्टच्या गोडसर पाण्याचा. सोबत कधी उकडलेल्या बटाट्याची झाक असते. आंबवणं मध्येच थांबवलं किंवा अर्धवट झालं की तो राहतो, कारण एरवी यीस्टच ते घटक संपवतं. ३.४ टक्क्यांच्या बिअरमध्ये तो येता कामा नये.

घोट

पहिला घोट गुण देण्यासाठी नसतोच. तो तोंड तयार करायला. दुसरा घोट नेहमीपेक्षा जरा मोठा घ्या, दोन-तीन सेकंद तोंडात सगळीकडे फिरवा आणि गिळा. वाइन चाखणारे थुंकतात, पण बिअरचा कडवटपणा गिळल्यावर घशाशी आणि मागाहून उमटतो, म्हणून इथे गिळावंच लागतं. गिळल्याबरोबर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. अर्धी 'चव' तेव्हा कळते. जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू, कडेला आंबट असा शाळेत पाहिलेला नकाशा विसरा. सगळ्या चवी सगळीकडे लागतात.

आता घोटाचे तीन भाग मनात वेगळे करा: लागताच काय, मधे काय, गिळल्यावर काय. जोरदार बिअरमध्ये हे तीन एकमेकांत मिसळतात. हलकीत सुटे दिसतात, आणि माझ्या मते हिचा सगळा निकाल मधल्या भागात आहे. सुरुवातीला हॉप्सचा वास कुणीही आणू शकतो, ड्राय हॉपिंगला मूठ सैल सोडली की झालं. शेवटी कडवटपणा आणणंही अवघड नाही. पण वास ओसरल्यावर आणि कडवटपणा यायच्या आधी, तोंडात तो दीड-दोन सेकंदांचा काळ असतो, तेव्हा काय आहे? तिथे ब्रेडची, बिस्किटाची, धान्याची काहीतरी चव आणि थोडा भरीवपणा हवा. तिथे नुसतं थंड सोड्याचं पाणी लागलं तर टेबलावरच्या मित्राचं 'पाणीच आहे' हे मत त्या बिअरपुरतं खरं.

लोअर परळच्या एका टॅपरूममध्ये मी सेशन पेल एल मागितली तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "दादा, हलकी आहे ती, नंतर बोलाल चव नाही." मी म्हटलं, "तू स्वतः काय पितोस?" तो हसला. "ड्यूटी संपल्यावर हीच. पण फार गार नका घेऊ, पाच मिनिटं थांबून प्या." त्याने थांबायला सांगितलं ते अगदी बरोबर होतं. सात-आठ अंशांवर त्या बिअरमध्ये मधला भाग उघडला. ओट्सचा मऊपणा आणि मागे हलका बिस्किटी गोडवा. तीन अंशांवर त्यातलं काहीच लागलं नव्हतं.

भरीवपणा आणि गोडवा यांची गल्लत करू नका. भरीवपणा म्हणजे तोंडात जाणवणारं वजन. ते वजन आणायला काही जण लॅक्टोज घालतात, ते आंबत नाही आणि गोड लागतं. पहिला पेला छान वाटतो, दुसऱ्याला कंटाळा येतो.

कडवटपणा हा दुसरा मोठा विषय. फळ्यावर आयबीयू म्हणून आकडा असतो, तो कडू घटकांचं प्रमाण सांगतो, जिभेला ते किती कडू लागेल ते सांगत नाही. साडेपाच टक्क्यांच्या पेल एलमध्ये ३५ आयबीयू सुखाने मावतात, कारण माल्ट आणि अल्कोहोल तोल सांभाळतात. तेवढेच ३५ जर ३ टक्क्यांच्या पातळ बिअरमध्ये असतील तर औषध प्यायल्यासारखं वाटतं. म्हणून शहाणे ब्रुअर इथे २० ते ३० च्या आसपास थांबतात आणि हॉप्स उकळण्याऐवजी शेवटी, थंड बिअरमध्ये घालतात. वास भरपूर, कडवटपणा बेताचा.

आणि कडू वेगळं, तुरट वेगळं. कारल्याचा कडूपणा जिभेवर बसतो. कच्च्या केळ्याचा किंवा जांभळाचा तुरटपणा गालांची आतली बाजू ओढून घेतो, दात खडबडीत वाटतात. चांगली पेल एल कडू असते आणि कडूपणा स्वच्छ निघून जातो. हॉप्सचा पाला जास्त झाला किंवा माल्ट जास्त धुऊन काढलं की तुरटपणा येतो, आणि हलक्या बिअरमध्ये तो झाकायला काही नसतं. घोट गिळून मनात दहा आकडे मोजा. दहाव्या आकड्याला पुन्हा घोट घ्यावासा वाटला तर कडवटपणा नीट बसला आहे. जीभ टाळूला घासावीशी वाटली तर तो तुरटपणा.

पाण्याचंही इथे काम असतं. इंग्लंडच्या बर्टनचं पाणी जिप्समयुक्त, त्यातल्या सल्फेटमुळे कडवटपणा कोरडा आणि धारदार होतो. क्लोराइड जास्त असेल तर बिअर गोलाईदार, मऊ लागते. मुंबईचं पाणी तलावांचं आणि मऊ, म्हणून ब्रुअर आपल्याला हवे तसे क्षार मोजून घालतो. धूसर, मऊ पेल एल आणि पारदर्शक, करकरीत पेल एल यांतला बराचसा फरक या चिमूटभर क्षारांचा असतो.

दोष ओळखणं

लोण्याचा किंवा मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नचा वास आला, तोंडात तेलकटपणा आला, तर तो डायॲसिटिल. यीस्टला काम पुरं करायला वेळ दिला नाही की राहतो. ड्राय हॉपिंगनंतर पुन्हा थोडं आंबवणं सुरू होतं, तेव्हाही वर येऊ शकतो. काही लोकांच्या नाकाला तो येतच नाही, म्हणून शेजाऱ्याला विचारा.

उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास माल्ट नीट उकळलं नाही हे सांगतो. हिरव्या सफरचंदाचा, कच्चा वास म्हणजे बिअर लवकर बाहेर काढली. पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे प्राणवायू लागून शिळी झाली, हा कॅन आणि बाटलीत सर्वाधिक भेटणारा दोष. दवाखान्यातल्या पट्टीसारखा औषधी वास क्लोरीनच्या पाण्याकडे बोट दाखवतो. जुन्या चीजचा, पायमोज्याचा वास म्हणजे हॉप्सच शिळे.

टॅपवरच्या बिअरला अनपेक्षित आंबटपणा किंवा ताकासारखी झाक असेल तर बहुधा नळ्या धुतलेल्या नसतात. अशा वेळी भांडायचं नाही, पण गप्पही बसायचं नाही. "ही जरा आंबट लागतेय, दुसऱ्या टॅपची बघू का?" एवढं म्हटलं तरी समजूतदार माणूस पेला बदलून देतो. आधी मात्र खात्री करा की तुम्ही मागवलेली बिअर मुळातच आंबट प्रकारातली नाही.

मांजराच्या मुतासारखा वास आला तर दचकू नका. सिट्रा, सिमको यांसारख्या हॉप्समधले गंधकाचे घटक थोड्या प्रमाणात फळांसारखे वाटतात आणि जास्त झाले की तिकडे सरकतात. काहींना तो आवडतोही. मला नाही.

सोबत काय खावं

चाखून होईपर्यंत काही नाही. फार तर साधा पाव आणि साधं पाणी. मिसळ किंवा ठेचा खाऊन चाखायला बसू नका. तिखटाने जीभ तापलेली असताना बिअरचे बुडबुडे आणि कडवटपणा दोन्ही टोचतात.

चाखून झाल्यावर मात्र हिच्यासारखी सोबत नाही. रव्यातले बोंबील किंवा मांदेलीचा तळलेला कुरकुरीतपणा या बिअरला मानवतो. बुडबुडे तेल धुऊन काढतात, सालीचा वास लिंबाचं काम करतो. वडापावसोबत चालते, पण लसणीची सुकी चटणी जरा हात राखून. श्रीखंड, गुलाबजाम वगैरे गोड पदार्थांपुढे हलकी बिअर नुसतीच कडू लागते, तिथे ती नेऊ नका.

शेवटची पायरी: डोळे झाकून

एकट्याने चाखून मत बनवणं सोपं आहे, आणि ३.४ हा आकडा आधी दिसल्यावर ते मत पातळच बनतं. म्हणून मित्र जमले की ही चाचणी करा. कटिंगचे तीन सारखे काचेचे ग्लास घ्या, खाली कागद चिकटवून खुणा करा. दोनांत एक पेल एल, तिसऱ्यात दुसरी: एक ३.५ टक्क्यांची, एक ५ टक्क्यांची, शक्यतो एकाच ब्रुअरीची. प्रत्येकी शंभर मिली पुरे, आणि तिन्हींचं तापमान सारखं. ओतणारा वेगळा, चाखणारा वेगळा, आणि ओतणाऱ्याने खोलीबाहेर जावं, नाही तर चेहऱ्यावरून कळतं. प्रश्न एकच: तिघांतला वेगळा कोणता? आवडता कोणता हे नंतर विचारा. नुसत्या अंदाजानेसुद्धा सरासरी तीन वेळांतून एकदा उत्तर बरोबर येतं, म्हणून क्रम बदलून चार-पाच फेऱ्या करा आणि प्रत्येकाचे निकाल वेगळे लिहा.

वही ठेवा, फोनमध्ये चालेल. नाव, टक्के, उत्पादनाची तारीख किंवा बॅच लागल्याचा दिवस, कुठे प्यायली, किती गार होती. मग वास, मधला भाग, शेवट, प्रत्येकी एक ओळ, स्वतःच्या शब्दांत. 'पेरूच्या देठाकडचा वास' असं लिहिलेलं सहा महिन्यांनी तुम्हाला उपयोगी पडेल, 'ट्रॉपिकल' पडणार नाही. टॅपरूममध्ये तारीख विशेष जपून लिहा, कारण नाव तेच ठेवून हॉप्स बदलतात. या महिन्यात फळ्यावर असलेली पेल एल आणि पुढच्या महिन्यातली त्याच नावाची पेल एल पुष्कळदा दोन वेगळ्या बिअर असतात.